मागची सीट

६ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की गुंडी दचकून भोकाड पसरते. म्हणून पत्रच लिहिते.

रविवारी आम्ही येणार येणार म्हणून आलो नाही. शेजाऱ्यांकडून निरोप मिळाला असेल, पण हकीकत सांगायची राहिली. आम्ही निघालो होतो, बाबा. मी गाडी चालवत होते आणि तुमचे जावई मागे गुंडीजवळ. गावाबाहेर पडेपर्यंत बाईसाहेब मजेत होत्या. मग एक बूट खिडकीतून गेला. मग बिस्किटं झाली, मोबाइलवरची गाणी झाली, मग ती गाणी बघून उलटी झाली. त्यानंतर अंग असं ताठ केलं की पट्ट्यात बसवता येईना. अर्ध्या वाटेवर तो पेट्रोल पंप लागतो ना, बसथांब्यासमोरचा, तिथे थांबलो. यांनी तिला कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या. हसायची, पण सीट दिसली की पुन्हा किंचाळायची. शेवटी मीही रडायला लागले. गाडी घराकडे वळवली, आणि वळवताक्षणी पोरगी ढाराढूर!

तुम्ही फाटकाशी उभे असाल हे सारखं डोळ्यांपुढे येत होतं. तुम्ही गुंडीला पाहिलंत ते दवाखान्यात, दुपट्यात गुंडाळलेली असताना. त्यानंतर कधी तिची सर्दी, कधी डेअरीतली माझी पाळी. आता ती दोन वर्षांची झाली आणि आजोबांचं घर तिला ठाऊक नाही.

माझ्या लहानपणी आपण एवढे लांब लांब जायचो. मी म्हणे गुंडीपेक्षाही द्वाड होते. मग आई कसं करायची? आईला विचारायचं राहूनच गेलं, म्हणून तुम्हाला विचारते.

औषधं वेळेवर घ्या. आम्ही आलो नाही म्हणून रागवा हवं तर, पण जीव लावायचं सोडू नका.

तुमची,
खारू


१२ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी रागावलेलो नाही. तुमच्यासाठी केलेलं जेवण मीच दोन दिवस पुरवून खाल्लं, काही वाया गेलं नाही. पोरीला उगाच छळू नका. पाच वर्षांची झाली की आणा. मी कुठे पळून चाललोय?

आईचं विचारलंस. खरं सांगू का, मला माहीत नाही.

दुकानादुकानांतले तराजू आणि वजनं तपासत हिंडणं ही माझी नोकरी. खोटं वजन सापडलं की दुकानदार रागवायचा, नाही सापडलं की साहेब. त्यामुळे बदली ठरलेली. निळ्या गाडीच्या टपावर गाद्या बांधायच्या, खुर्चीचे पाय वर करून ठेवायचे, आणि निघायचं. मी पुढे, माझ्या शेजारी शिवणयंत्र, मागे तुझी आई, दादा आणि तू. माझी नजर रस्त्यावर. आरशात तुझ्यावर वाकलेल्या आईचा अंबाडा दिसायचा आणि पुष्कळदा त्या अंबाड्यावर तुझा पाय. बाकी सगळं मला फक्त ऐकू यायचं. (कान तेव्हा शाबूत होते.) कागदाची सरसर. डब्यात कसलातरी खुळखुळाट. मग टाटा सुरू व्हायचं. झाडाला टाटा, गाईला टाटा, पुलाला टाटा, रस्त्याकडेला उगाच बसलेल्या माणसालाही टाटा. मध्येच सगळं शांत झालं की मी विचारायचो, झोपली का. ती म्हणायची, नाही, विचार करतेय. मग मीही गप्प बसायचो, तुझा विचार मोडू नये म्हणून.

ती गाणं रचून म्हणायची. त्यात मी असायचो, खड्डे असायचे, आणि प्रत्येक कडव्यात घर जवळ यायचं. चाल आठवायला बसलो की हल्ली इंजिनाचीच घरघर आठवते. म्हणून फार आठवत बसत नाही.

दूध तपासताना ॲसिडने हात भाजून घेऊ नकोस. जावईबापूंना सांग, उलटीचे डाग लगेच गार पाण्याने धुवावेत. सगळ्यांची आठवण असतेच, तुमचीही असू द्या.

बाबा


२१ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाच वर्षांची झाली की आणा, हे तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्या समोर ठेवून नुसती बसून राहिले. तोपर्यंत तुमचं वय काय होईल, हे मला मोजायचं नाही. पुन्हा असं लिहू नका.

दादाला फोन केला होता. बेकरीची भट्टी पेटलेली असताना केला म्हणून आधी बोलणी खाल्ली, मग मात्र पाव करपेपर्यंत बोलत बसला. त्याला बरंच आठवतं. आईकडे कापडी पिशवी असायची आणि तिच्यात कागदात गुंडाळलेल्या घरातल्याच वस्तू. लाकडी डाव, मोडकं कुलूप, तुमची जुनी मापपट्टी. पहिलीचा पुरता कंटाळा आल्याशिवाय दुसरी काढायची नाही. कागद सोडायचं काम माझं, आणि त्यातच अर्धा रस्ता सरायचा. गाडी थांबवायला ती तुम्हाला सांगायची ती मी रडायला लागायच्या आधी, रडल्यावर नाही. आणि मी बिस्किटं गालात साठवून ठेवायची, कितीही सांगितलं तरी गिळायची नाही, म्हणून माझं नाव खारू पडलं, हे त्याने नको असताना सांगितलं.

मीही तशी पिशवी केली आहे. रोज संध्याकाळी दारातल्या उभ्या गाडीत गुंडीला घेऊन बसते. पहिले काही दिवस शेजारी हसले, आता विचारतात, आज कुठवर गेलात. मग गल्लीत एक चक्कर, मग डेअरीपर्यंत. आता ती पंपापर्यंतची वाट काढेल असं वाटतं. पुढची नाही काढणार. पुढे तिच्याजवळ कोणीतरी बसायला हवं. तुमच्या जावयांना महिनाभर तरी सुट्टी नाही, थंडीमुळे औषधाच्या दुकानात झुंबड आहे.

म्हणून एक विचारते. तुमच्या गावची बस पंपासमोर थांबते. तुम्ही तिथवर याल का? पंपापासून घरापर्यंत गुंडीजवळ तुम्ही बसा. परतताना तसंच पंपापर्यंत या आणि बसने घरी जा. कंबर दुखत असेल तर नको. पण दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी नाही म्हणू नका.

माया आहे म्हणून हट्ट करते. तो चालवून घ्या.

तुमची,
खारू


२७ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझी कल्पना ठीक आहे, पण मला जमणार नाही. मी आयुष्यात मागच्या सीटवर बसलेलो नाही. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. शिवाय एवढ्या लहान पोराशी काय बोलायचं, ते मला कळत नाही. तुम्हा दोघांशीही तुम्ही शाळेत जाऊ लागल्यावरच मी बोलायला शिकलो.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता.

संध्याकाळी निळ्या गाडीवरचं कापड काढलं. ती आता चालत नाही, पण दारं उघडतात. मागे बसून पाहिलं. गुडघे पुढच्या सीटला टेकतात, खिडकी खाली होत नाही, आणि पुढच्या डोक्यामुळे समोरचं काही दिसत नसणार. हे तुझ्या आईने मला एकदाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळच्या बसने पंपावर येतो. तुझ्या गाडी चालवण्यावर अवाक्षर काढणार नाही. गुंडीला सांगून ठेव, म्हातारा दिसतो तसा चावरा नाही. येताना तिचे दोन जादा कपडे आण आणि माझ्यासाठी एक मोठा रुमाल, माझे सगळे विरलेत.

आहे ती माया तशीच ठेव, वाढवलीस तरी माझी हरकत नाही.

बाबा


१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. पंपावर तुम्ही बसमध्ये चढलात तेव्हा गुंडीने काचेला नाक लावलं ते तुमची बस दिसेनाशी होईपर्यंत काढलं नाही. पुढे तिने मला चांगलंच पिळून काढलं, पण गाडी कुठे वळवावी लागली नाही.

बाबा, खरं सांगते, जाताना मी हात टेकले होते. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून पंपावर उभे, आणि ही माझ्या पायामागे दडलेली. गाडीत बसल्यावर पिशवीतली एकेक वस्तू तिने तुमच्या अंगावर फेकली. आईची एकही युक्ती चालली नाही. मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, परत फिरू या, बाबा. तुम्ही म्हणालात की तू गाडी चालव, आमचं आम्ही बघतो. तुमच्या आवाजात वीस दुकानदारांना दटावल्याची जरब होती, म्हणून मी निमूट निघाले.

मग मला ऐकू आलं, तुम्ही तिला एका हातात किल्ल्या आणि दुसऱ्या हातात केळं धरायला सांगत होता. जड कुठलं, हलकं कुठलं? मग तिने केळ्याला जड म्हटलं, आणि तुम्ही अगदी गंभीरपणे तिला पुन्हा तपासून बघायला सांगितलंत. पुढे बूट तपासला, तुमचा चष्मा तपासला, तुमचं नाक ओढून तपासलं. नाक जड निघालं. मी हसले तर तुम्ही मला ओरडलात की समोर बघ. अवाक्षर काढणार नव्हतात ना?

घरी ती आईच्या खुर्चीत चढून बसली, तेव्हा तुम्ही आत निघून गेलात. मी मागून आले नाही. तुम्हाला थोडा वेळ हवा असेल असं वाटलं.

आता इथे घरातलं सगळं उचलून तपासणं चालू आहे. यांची चप्पल हलकी, माझी उशी जड. तुमचं नाव जडआजोबा ठेवलंय, आणि ते सगळ्या गल्लीला माहीत झालंय.

कंबर शेकत जा. आमच्यावरचा लोभ वजनात कमी भरू देऊ नका.

तुमची,
खारू


१८ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

जडआजोबांची कंबर ठीक आहे. गुंडीचा एक मोजा खुर्चीखाली सापडला, तो धुऊन ठेवलाय. कपाटाच्या आरशावर खालच्या कोपऱ्यात तिच्या पंजाचा ठसा आहे. तो मात्र पुसलेला नाही. कामवाल्या बाईंनाही सांगून ठेवलंय.

आईच्या खुर्चीचं म्हणालीस. मला वाईट वाटलं म्हणून आत गेलो नाही. त्या खुर्चीवर कोणीतरी पाय हलवत बसलंय हे इतक्या दिवसांनी दिसलं, एवढंच.

तुला एक सांगायचं आहे. परत जाताना वळणावर ते मोठं तळं लागलं. तू पुढून म्हणालीस, बाबा, बघा बघा, केवढे पक्षी उतरलेत. मी हो हो, बघितलं, असं म्हणालो. बघितलं नव्हतं. गुंडीचा नुकता डोळा लागला होता आणि माझं बोट तिच्या मुठीत होतं. मान वळवली असती तर हात हलला असता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मीही जन्मभर पुढून असंच ओरडत आलो. डोंगर बघ, पूल बघ, सूर्य बुडतोय तो बघ. तुझी आई दर वेळी म्हणायची, बघितला, किती छान. पुढे म्हातारपणी गॅलरीत बसून मी त्या सगळ्या रस्त्यांची वर्णनं करायचो आणि ती मान डोलवायची. मला वाटायचं, हे सगळं आम्ही दोघांनी मिळून पाहिलंय. आता वाटतं, त्यातलं निम्मंही तिला दिसलं नसेल.

बसमध्ये बसल्यावर याचं फार वाईट वाटलं. मग गुंडीचं तोंड आठवलं. झोपेत ओठ हलत होते, कोणाला तरी जड म्हणत असावी. त्या वेळी कोणी मला उचलून तळ्याकाठी नेऊन बसवलं असतं, तरी मी गेलो नसतो. तुझी आईही गेली नसती. एरवी ती काही गप्प बसणारी बाई नव्हती. बघायचं असतं तर गाडी थांबवायला लावली असती.

पुढल्या महिन्यात मी पंपापर्यंत नाही, सरळ तुमच्या दारापर्यंत बसने येतो. मग आपण सगळे मिळून इकडे येऊ. जावईबापूंना पुढे बसव, मी मागेच बसणार. फक्त तळ्यापाशी गाडी थांबव. गुंडी जागी असली तर तिला उतरवून पक्षी दाखवतो. झोपलेली असली तर तुम्ही दोघं उतरून बघून या, आणि मला सांगा कसे होते.

बाबा