दादाचं एक तरी काही

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाची खोली उघडली. पंधरा मिनिटांत आवरूनही झाली! माणूस अडुसष्ट वर्षं जगला आणि मागे काय — एक खाट, एक स्टोव्ह, रंगाने बरबटलेल्या दोन विजारी, अर्धा साबण. खालचा बेकरीवाला ओशाळून म्हणाला, "ताई, खाट माझी आहे. त्यांची त्यांनी जिन्याखालच्या म्हातारीला दिली."

धन्य आहे.

संध्याकाळी लेकीचा फोन. मामा गेला तेव्हा हिचा पाय प्लास्टरमध्ये. येता आलं नाही, ते अजून मनाला लागून राहिलंय. रविवारी येतेय. "आई, मामाचं एक तरी काही माझ्यासाठी ठेव. काहीही चालेल."

ठेवते म्हटलं. काय ठेवू? साबण?

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाकडे वस्तू नव्हत्या असं थोडंच आहे. दरवर्षी मीच देत होते — स्वेटर, रेडिओ, घड्याळ. आठवडा टिकली तर नशीब. एका वर्षी मी वैतागून वस्तूवर चिठ्ठीच चिकटवली : "ही कोणालाही देऊ नये." पठ्ठ्याने चिठ्ठीसकट दिली.

म्हणजे वस्तू आहेत. फक्त दुसऱ्यांकडे आहेत. आणि ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढलीत मी. पुस्तकं दाबून बसलेल्या भल्याभल्यांच्या घरी जाऊन पुस्तकं आणलीत. रविवारपर्यंत पाच दिवस. हातचा मळ आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्वेटर सापडला. शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराच्या अंगात. निळा, माझाच — डाव्या बाहीचा एक टाका सुटला होता तो मी लांबूनच ओळखला.

कोण मी ते सांगितलं. बिचारा लगेच बटणं काढायला लागला. आत नुसता बनियन. सकाळचे साडेसहा, तोंडातून वाफा निघताहेत. "राहू दे, राहू दे, टाका सुटलाय एवढंच सांगायला आले," म्हटलं. मग काय, उद्या सुई-लोकर घेऊन जाणं आलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाही शिवून दिली. तिथून दवाखान्यात, घड्याळासाठी. शेवटचे आठ दिवस दादा तिथे होता, घड्याळ हातात होतं, मी स्वतः पाहिलंय. नर्सबाईंनी मनगट पुढे केलं. "जायच्या आदल्या दिवशी दिलं. म्हणाले, तुमचं सारखं बंद पडतं, माझी नाडी चुकवाल." ती हसली आणि मग रडली. मी तिला पाणी आणून दिलं.

तिला काय मागणार, कपाळ!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मात्र मन घट्ट केलं. रेडिओ न्हाव्याकडे आहे हे कळलं होतं. सरळ दुकानात गेले, म्हटलं, "माझ्या भावाचा आहे. लेकीला द्यायचाय." न्हावी म्हणाला, "घेऊन जा की ताई." बाकावर तिघे म्हातारे गाणी ऐकत बसले होते. मी उचलला आणि आणला. माझा हक्क आहे.

टेबलावर ठेवलाय. छान दिसतोय. जिंकले.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी भाजी आणायला त्याच रस्त्याने गेले. दुकानात चिडीचूप. तिघे म्हातारे बाकावर तसेच, भिंतीवरच्या रिकाम्या फळीकडे तोंड करून. दुपारी रेडिओ परत नेऊन ठेवला. न्हाव्याने आधी बटण फिरवलं, मग मला खुर्ची दिली.

माझ्या घरातली सगळी कपाटं धुंडाळली. त्याची एक वस्तू नाही. आता लेकीला काय तोंड दाखवू? पोरीने आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. जे हवं ते तिला मामाकडूनच मिळायचं, न मागता. ती सात वर्षांची असताना तिच्या खोलीला मी पांढरा रंग सांगितला होता. कामावरून आले तर छत पोपटी! मी तोंडाचा पट्टा सोडला. दादा शिडीवरूनच म्हणाला, "तिथे पाठ टेकून झोपणार कोण? तू की ती? मग बघायचं ते तिने." आणि उरलेली भिंत तशीच टाकून दोघं पोहायला निघून गेली. भिंत चार महिने अर्धी होती. मला फार राग यायचा. तेवढीच मजाही वाटायची, पण ते त्याला कधी सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली. अजून जरा लंगडते. पिशवी खाली ठेवायच्या आत, "काय ठेवलंस?"

खरं ते सांगितलं. स्वेटर, घड्याळ, रेडिओ, सगळं. आता रडेल असं वाटलं. ती ऐकता ऐकता हसायला लागली. "आई, तू मामाच्या वस्तू गोळा करायला निघालीस? तू?" मग रडलीच. मीही. नंतर दोघींनी वरण-भात केला आणि पातेल्यातूनच खाल्ला.

पण रिकाम्या हाताने परत जाणार ती. मी शब्द दिला होता आणि तो पाळता आला नाही. वाईट वाटतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

माझी सहामाही तपासणी. लेक सोबत आली. डॉक्टरांनी कागद चाळले. "अकरा वर्षं झाली. तुमच्या दादांची किडनी एकदम ठणठणीत आहे." लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांसमोरच माझ्या पोटावर, उजव्या बाजूला, हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.