राखीव खेळाडूचं मानपत्र

बँकॉक,
१२ ऑगस्ट १९९९

ती. बाबा आणि ती. आई यांना अंकुरचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सव्वीसच्या सव्वीस जण सुखरूप पोहोचलो. द्वारकेच्या नव्या फ्लॅटमध्ये फोन कधी लागेल ते देव जाणे, म्हणून पत्रच लिहितो. कोणत्या तारखेला कोणत्या हॉटेलात असू त्याचा टाइप केलेला कागद आईजवळ आहेच: बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर, शेवटी कोलंबो.

रग्बीचा पहिला सामना इथल्या पोलिसांच्या संघाशी झाला. हरलो, आणि बऱ्यापैकी हरलो. आदल्या दिवशी एवढा पाऊस पडला होता की मैदानाचं शेत झालेलं. पाठीवर ‘इंडिया’ लिहिलेली माझी जर्सी अशी माखली की हॉटेलच्या धोबिणीनं मला हातच जोडले. आईला सांगा, हाडं सगळी जागच्या जागी आहेत. जेवण ठीक, पण चहा म्हणजे निव्वळ अन्याय.

तुमची दोघांची माया आहेच, थोडी इकडेही पाठवत राहा.

तुमचा,
अंकुर


द्वारका, नवी दिल्ली,
२० ऑगस्ट १९९९

चि. अंकुर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल पावले. हे उत्तर थेट क्वालालंपूरच्या पत्त्यावर धाडत आहे. तुझ्या या खेळाला मी आजवर ‘हाडे मोडण्याचा उद्योग’ म्हणत आलो. ते शब्द मी मागे घेतो, लेखी घेतो, आणि हे पत्र तू जपून ठेव म्हणजे पुढे वाद नको.

काल संध्याकाळीच मंडळाची गणेशोत्सवाची बैठक होती. बैठकीत तुझे पत्र मी वाचून दाखवले. चिखलाचे वाक्य लोकांनी पुन्हा वाचायला लावले. भारताच्या जर्सीत परदेशच्या मैदानावर खेळणारा आपल्या मंडळातला पहिला मुलगा, असे म्हणून कार्यवाह गुलाबराव उठून उभे राहिले आणि तिथल्या तिथे ठराव झाला. रविवार, १९ सप्टेंबर रोजी तुझा जाहीर सत्कार: शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र गुलाबराव स्वतः लिहिणार. त्यांची भाषा तुला ठाऊकच आहे, दोन-चार सिंह-वाघ येतीलच.

घराचे म्हणशील तर खोकी अर्धी उघडली, अर्धी तशीच. एकतीस वर्षे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर इथे मन लागत नाही. समोर नुसत्या अर्धवट इमारती. पाण्याच्या टँकरचा आवाज आला की सगळी सोसायटी बादल्या घेऊन धावते, त्यात मीही. तुझी आई म्हणते की मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरतो. म्हणू दे.

पुढच्या सामन्यात तू काय काय केलेस ते सविस्तर लिही. गुलाबरावांना मजकूर लागणार आहे. कृपा देवाची, जिद्द तुझी, दोन्ही टिकोत.

तुझे बाबा,
हणमंत शेडगे


क्वालालंपूर,
२७ ऑगस्ट १९९९

ती. ताई, नमस्कार वि. वि.

हे पत्र एकटीच वाच आणि फाडून टाक. बाथरूममध्ये वाच हवं तर.

ताई, मी खेळलोच नाहीये. एक मिनिटही नाही. पंधरा जण मैदानात, सात राखीव बाकावर, आणि उरलेले आम्ही चौघं नुसते सोबत. खेळ थांबला की पाण्याच्या बाटल्या घेऊन आत पळायचं आणि शिट्टी वाजायच्या आत बाहेर यायचं. बँकॉकला तसाच पळताना घसरून आडवा झालो, तो हा चिखल. बाबांना मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, पण ते काय समजतील हे मला लिहितानाच कळत होतं. जर्सीचं लिहिलं आणि बाटल्यांचं गाळलं.

मग बाबांचं पत्र आलं. ‘शब्द मागे घेतो, लेखी घेतो.’ बाबांनी आयुष्यात कधी शब्द मागे घेतलाय का गं? मी ते सहा वेळा वाचलं. आणि आज सकाळी मी त्यांना बिल्कुल सरळसरळ खोटं लिहून पोस्टात टाकलं. लिहिलं की इथल्या सामन्यात मी चेंडू घेऊन वीस मीटर पळालो, तिघांना चुकवलं. टाकल्यावर पोस्टाच्या पेटीत हात घालून बघितला, यार. पोहोचला नाही.

माझ्या जागेवर कलकत्त्याचा एक पठ्ठ्या खेळतो. त्याला साधी सर्दीसुद्धा होत नाही. मी रोज मनातल्या मनात म्हणतो की याचा निदान पाय तरी मुरगळू दे, आणि पुढच्या मिनिटाला त्यालाच पाणी नेऊन देतो. तो थँक्यू म्हणतो. त्या वेळी स्वतःची इतकी लाज वाटते म्हणून सांगू. जेवताना बसवत नाही, सरावात थांबवत नाही, हॉटेलच्या जिन्यावरून नुसता खालीवर करत असतो.

तो सत्कार कसाही करून रद्द कर. काहीही सांग. माझा पाय मोडला म्हण.

माया कर, कान नंतर उपट.

तुझा,
अंकुर


द्वारका,
१ सप्टेंबर १९९९

चि. अंकुर यास ताईचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही.

वा रे वा! खोटं तू लिहायचंस आणि पाय मोडल्याचं मी सांगायचं? आणि ते ऐकून आई पहिल्या विमानानं तिकडे निघाली तर? मी असलं काही करणार नाही. तुझं पत्र फाडलंही नाही, माझ्या गुडगावच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात आहे.

आता इथली हालत ऐक. तुझे वीस मीटर अजून पोहोचले नाहीत, पण मानपत्राचा कच्चा मसुदा तयार आहे. त्यात तू ‘सह्याद्रीचा छावा’ आहेस आणि तुझ्या पायांत ‘भीमथडीच्या तट्टांचा वेग’ आहे. आईनं लक्ष्मीबाई नगरच्या सगळ्या जुन्या शेजाऱ्यांना बोलावणं केलंय. सुनंदाकाकू तर पानिपतहून येणार आहेत, तिथल्या लढाईतल्या वीरांच्या स्मारकावर, काला अंबला, डोकं टेकवून मग इकडे, म्हणजे तूच समज तुझी गणती कुणात व्हायला लागलीये ते.

पण मला काळजी बाबांची वाटते. आधी आठवडाभर हवेत होते. आता एकदम गप्प. रोज सकाळी बस पकडून जुन्या वाचनालयात जातात आणि झाडून सगळे पेपर बघतात. विचारलं तर म्हणतात, रग्बीचं कोण छापतं इथे, काही नाही आलं. मग परत येऊन गॅलरीत फेऱ्या मारतात.

आणखी एक. घरातले सगळे फोटो भिंतीवर लागले. आजीचा, आईबाबांच्या लग्नाचा, तुझा-माझा मुंजीतला. फक्त बाबांचा तो राजपथावरचा एनसीसीच्या गणवेशातला फोटो अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. जो फोटो दाखवून दर सव्वीस जानेवारीला आपल्याला परेडची तीच गोष्ट ऐकवतात, तो! मी म्हटलं, लावते. तर म्हणे इथली भिंत सिमेंटची आहे, खिळा वाकतो. बाकीच्या सहा फोटोंना नाही वाकला.

तेव्हा चलो, मुकाट्याने पेन उचल आणि बाबांना खरं लिही. रागावतील, आठ दिवस बोलणार नाहीत. पण स्टेजवर शाल अंगावर घेऊन उभा राहशील आणि त्यांच्याकडे बघशील, ते तुला झेपणार नाही. मी ओळखते तुला.

मायेत खोट नाही, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
कृतिकाताई


सिंगापूर,
५ सप्टेंबर १९९९

ती. बाबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. वीस मीटर पळालो नाही. एकालाही चुकवलं नाही. एकाही सामन्यात मी खेळलेलो नाही, मी पाण्याच्या बाटल्या नेतो. बँकॉकचा चिखलही त्यातलाच.

तुम्ही शब्द मागे घेतलेत ते मला परत द्यायला जमेना, म्हणून पुढचं खोटं लिहिलं. आता तुम्ही ते शब्द पुन्हा जसेच्या तसे घ्या. मंडळाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी येईन आणि सगळ्यांसमोर उभा राहीन. कोलंबोचा सामना बाकी आहे. त्यात घेतील असं वाटत नाही.

रागवा, पण पत्र लिहायचं थांबवू नका.

तुमचा,
अंकुर


द्वारका,
५ सप्टेंबर १९९९

चि. अंकुर यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र कोलंबोच्या पत्त्यावर पाठवीत आहे. तुझे वीस मीटरचे पत्र काल आले. त्याच्या चार दिवस आधी वाचनालयात एका इंग्रजी पेपरच्या कोपऱ्यात तुमच्या क्वालालंपूरच्या सामन्यातल्या पंधरा आणि राखीव सात अशा बावीस जणांची नावे वाचली होती. तुझे त्यात नव्हते. मी ती यादी तीनदा वाचली, मग पेपर घडी करून जागेवर ठेवला. घरी कुणाला बोललो नाही. तुझ्यावर रागवायला पत्र लिहायला बसलो, पण दोन दिवस मजकूर जुळेना. का जुळेना ते लिहितो.

१९६० साली साताऱ्याच्या कॉलेजातून एनसीसीच्या परेडसाठी दिल्लीला आलो तेव्हा मी राखीव होतो. कुणी आजारी पडला तरच मला रांगेत जागा. महिनाभर थंडीत मी सगळ्यांबरोबर कवायत केली आणि रोज देवाकडे मागितले की कुणाला तरी ताप येऊ दे. कुणालाही आला नाही. सव्वीस जानेवारीला सगळे राजपथावर चालले आणि मी छावणीत त्यांच्या पेट्या आणि कांबळी राखत बसलो. तो फोटो तीन दिवस आधीच्या सरावाचा आहे.

माझ्या आईला मात्र पत्र लिहिले की राष्ट्रपतींना सलामी दिली. तिला वाचता येत नव्हते, मास्तरांनी वाचून दाखवले. तिने आळीभर पेढे वाटले. शाळेत बोलावून तिला हार घातला. मी परत गेलो तेव्हा तो सुकलेला हार तिने देव्हाऱ्याशेजारी टांगून ठेवलेला. काय सांगणार होतो? ती गेली तोवर सांगितले नाही. पुढे तुझ्या आईला तेच सांगितले, तुम्हा मुलांना तेच. चाळीस वर्षे झाली, सव्वीस जानेवारी जवळ आली की मला आजही धड बसवत नाही.

मी चाळीस वर्षे थांबलो, अंकुर. तू थांबू नकोस. मी पुरा शहाणा झालो नाही, पण एवढे मला कळते.

आज सकाळी तुझ्या आईला सगळे सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली की तिला हे लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. फोटोत मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या दिसतात, सव्वीस जानेवारीला राजपथावर बघायला एक माणूस नाही असे कधी होते का, असे तिने मलाच विचारले. इतकी वर्षे बोलली का नाहीस म्हटले, तर म्हणाली, तुम्ही सांगायची वाट बघत होते.

सत्कार मी रद्द केलेला नाही. गुलाबरावांकडून मानपत्र मात्र मागून घेतले आहे, छावा आणि तट्टे काढून टाकली आहेत. उरलेले आपण दोघे बसून लिहू. त्या दिवशी स्टेजवर माइक आधी मी घेणार आहे.

शेजाऱ्यांकडून ड्रिल आणून फोटो आज लावला. खाली चिठ्ठी डकवली: ‘सराव, २३ जानेवारी १९६०. मी राखीव होतो.’

जसा आहेस तसा ये.

तुझे,
बाबा


कोलंबो,
१२ सप्टेंबर १९९९

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सामन्याच्या दिवशी सकाळी हातात पडलं. माझं तुम्हाला अजून मिळालं नसेल किंवा आज मिळेल. दोन्हींवर तारीख एकच आहे, पाच सप्टेंबर. मी जिन्यात बसून वाचलं आणि रडलो, ते कलकत्त्याच्या त्या पठ्ठ्यानं पाहिलं. घरी सगळं ठीक ना, विचारलं त्यानं. म्हटलं, एकदम ठीक.

काल राखीव सातांत माझं नाव होतं, पण मी खेळलो नाही. शेवटच्या दहा मिनिटांत कोचनं बाकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याला पाठवलं. हरलो, पण थोडक्यात हरलो. पहिल्यांदाच मी कुणाला काही व्हावं असं मनात आणलं नाही. पाणी नेलं, पूर्ण वेळ नेलं, आणि ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

मॅनेजर साहेब उद्याच दिल्लीला निघताहेत, त्यांच्या हाती हे पाकीट देतो. आत फोटो आहे. मुद्दाम काढून घेतला. जर्सी घातलेली, दोन्ही हातांत बाटल्या. मागे लोक भरपूर आहेत, आईला दाखवा. फोटोच्या मागे मी लिहिलंय: ‘कोलंबो, ११ सप्टेंबर १९९९. मी राखीव होतो.’

माइकचं बघू. तुम्ही वयानं मोठे आहात, पण माझं ताजं आहे.

ड्रिल परत दिलं नसेल तर अजून दोन दिवस ठेवून घ्या. तुमच्या शेजारी एक भोक पाडा.

तुमचा,
अंकुर