कंदीलवालीचा शेवट

ता. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे जसे असायचे तसे आहोत. तू खुशाल असशील असं धरून चालते.

तुझं दुसरं पुस्तक पोचलं. पार्सलाला इतकी चिकटपट्टी लावली होतीस की कात्री मोडायचीच बाकी राहिली. मी चौथीत शाळा सुटलेली, ओळीखाली बोट धरून वाचणारी. त्यात दिवसभर कारखान्यात गणवेशांना बटणं लावून डोळ्यांची वाट लागलेली. जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करत आज संपवलं. आधी भांडण उरकते. तुझ्या त्या राज्यात जो तो तलवार घेऊन हिंडतो. त्यांचे कपडे कोण धुतं? स्वयंपाक कोण करतं? राजाचा अंगरखा लढाईत टराटरा फाटतो आणि पुढच्या पानावर धड असतो. कोणी शिवला?

आता खरं. ती कंदीलवाली. तळ्यावर धुकं उतरलं की होडीत कंदील टांगून लोकांना पलीकडे नेते, ती. पुढच्या दातांत फट, एका पायावर उड्या मारत बूट घालते, आणि स्वतःचंच चुकलं तरी समोरच्यावर डाफरते. ती आमची भिंगरी आहे. नाव बदललंस म्हणून आईला कळणार नाही होय रे? शाळेची लाँच धुक्यात बुडाली, बाकीची पोरं सापडली, आपली तेवढी सापडली नाही. तेव्हापासून दोन वर्षं या घरात तिचं नाव कोणी काढत नाही, आणि तू तिला छापून लोकांना विकलीस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस.

आणि शेवटी केलंस काय? होडी धुक्यात बुडवलीस. एकदा बुडाली ते कमी पडलं का? तिसऱ्या पुस्तकात ती मेली असं लिहिलंस तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. आधीच सांगून ठेवते.

ह्यांनी मात्र पुस्तक दोनदा वाचलं. पंपाच्या दुरुस्तीवरून आले की हातसुद्धा न धुता बसतात. परवा एका पानावर हसले. लाँच बुडाल्यापासून मी ह्यांना हसताना बघितलं नव्हतं. म्हणून पुस्तक चुलीत गेलं नाही, समजलास?

लोभ आहे म्हणून बोलते. नसता तर गप्प बसले असते.
तुझी ताई


ता. २१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. दाजींना दोन नमस्कार सांग, कारण त्यांनी पुस्तक दोनदा वाचलं. तुला एकच.

न विचारता भिंगरीला पुस्तकात आणली, हे चुकलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि ती तर येऊन बसलीच होती. माझं लिहिणं कसं चालतं ते तू कधी बघितलं नाहीस. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की दुपारपर्यंत ती रिकामी बस माझी. मागच्या लांब सीटवर बसतो, मांडीवर लाकडी फळी, शेजारी थर्मास. समोरच्या सीटच्या पाठीवर राज्याचा नकाशा चिकटवलाय. पोरं त्याला च्युइंगम लावतात, त्यामुळे उत्तरेला एक नवा डोंगर झाला आहे. तो मी पुस्तकात घेतला. काय घडणार ते आधी ठरवत नाही. पात्रं चढतात, मी फक्त गाडी चालवतो. तीही अशीच चढली.

प्रकाशक मिळाला नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा लिहिणारा मी, तपासणारा मी, छापखान्यातून गठ्ठे उचलणारा हमालही मीच. चिकटपट्टीवाला तर आहेच. पण वाचक पत्रं लिहितात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: कंदीलवाली कुठे आहे?

तू उगीच घाबरलीस. आमच्या या धंद्यात एक नियम आहे. प्रेत दाखवलं नाही तर माणूस मेला नाही. कड्यावरून पडू दे, लाट ओढून नेऊ दे, धुक्यात नाहीसा होऊ दे. वाचक हसतो आणि म्हणतो, येईल परत. आणि तो येतोच. मी होडी बुडवली, पोरगी कुठे दाखवली? दाजींना सांग, निश्चिंत राहा. ती परत येणार आहे.

अंगरखा कोणी शिवला याचा तपास चालू आहे. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा


ता. १८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. यापुढे घरी पत्र टाकायचं नाही. खाली कारखान्याचा पत्ता दिला आहे, तिकडे टाक.

पोस्टमन येतो तेव्हा मी कामावर असते. तुझं पत्र ह्यांच्या हाती पडलं, ह्यांनीच फोडलं. मी आले तर हे दिवा न लावता बसलेले आणि पत्र सदऱ्याच्या खिशात. मला म्हणाले, धाकटा बरोबर बोलतो. आपल्याला कुठे कोणी काही दाखवलं?

तेव्हापासून ऐक. भंगारवाल्याकडून जुना कंदील आणला. काच घासली, वात बसवली. धुकं पडलं की पहाटे उठून लाँचच्या धक्क्यावर जातात आणि कंदील वर धरून उभे राहतात. पहिल्यांदा लाँचवाल्यांना वाटलं, सरकारनं माणूस नेमला. आता ते काही बोलत नाहीत, नुसतं बघतात, ते मला जास्त लागतं. ह्यांचं काम निम्म्यावर आलं आहे. मालकानं एकदा सांगून बघितलं, दुसऱ्यांदा सांगणार नाही. रात्री दाराला कडी लावू देत नाहीत. ती आली तर तिनं बाहेर ठोकत बसायचं का, असं विचारतात. मी म्हटलं, चोर आला तर? म्हणाले, काय नेईल? जेवायला तिसरं ताट मांडतात आणि मी उचललं की पुन्हा मांडतात.

तू तिकडे बसमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. इथे माझं माणूस हातचं चाललंय. त्या दिवशी लाँच वर काढली तेव्हा मी काठावर होते. त्या पाण्याला ओढ किती आहे ते मी बघितलं. मला तेव्हाच कळलं. ह्यांना मी सांगायला गेले तर कान झाकून घेतात. तुझं मात्र ऐकतात. तुझं छापलेलं असतं ना.

मागच्या खेपेला लिहिलं होतं, तिला मारू नकोस. आता लिहिते, मार. आणि प्रेत दाखव. दिवसाउजेडी, नीट, कोणालाही शंका राहणार नाही असं. तूच तो नियम सांगितलास, तूच निस्तर.

लोभ नंतर बघू.
ताई


ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. दाजींची अवस्था माझ्यामुळे झाली. मी तिकडे येऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला तयार आहे. पण तू म्हणतेस ते मला होत नाही.

वाचकांचं कारण मी देणार होतो. तीनशे पानं झाली आहेत आणि सगळी तिच्या परतण्यावर उभी आहेत, ती गेली तर पुस्तक कोण घेणार, वगैरे. ते खरं आहे, पण ते कारण नाही. ताई, दुपारी मुलं उतरताना मी एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवून मोजतो. शेवटचं मूल उतरलं की बसमध्ये मी आणि ती उरतो. पानांवर ती मोठी होते आहे. आता तिची वेणी कमरेपर्यंत आली. कालच तिनं पहिल्यांदा एका सरदाराला होडीतून खाली उतरवलं, उद्धट बोलला म्हणून. ती फक्त इथेच आहे. इथून काढली तर मी तिला कुठे ठेवू?

तरी तुझा शब्द मोडवत नाही. एक प्रकरण लिहिलं, सोबत जोडलं आहे. धुकं विरतं आणि काठावर तिचा विझलेला कंदील सापडतो. त्याच्यापुढे हात सरकत नाही. एवढ्यावर भागव.

माझ्यावर लोभ उरला असेल तर तो दाजींच्या वाट्याला दे.
धाकटा


ता. २० जानेवारी

धाकट्या,
आशीर्वाद. हे दवाखान्यात जाऊन आले. धक्क्याच्या ओल्या पायरीवरून कंदिलासकट पाण्यात गेले. लाँचवाल्यांनी दोर टाकून काढले. छातीत पाणी झालं, ताप डोक्यात गेला. आता घरी आहेत, उठवत नाही. तरी सकाळी डोळे उघडले की पहिलं विचारतात, बाहेर धुकं आहे का. मालकानं दुसरा माणूस घेतला. त्याला मी दोष देत नाही.

तुझं प्रकरण ह्यांना दाखवलं नाही. कंदील सापडला म्हणे. कंदील घेऊन काय करू? ह्यांनी वाचलं तर म्हणतील, बघ, पोहायला जड होत होता म्हणून टाकून दिला. तुझाच नियम, तुझ्याच तोंडावर. पाठवलेली पानं परत करते.

तुझा हात सरकत नाही ना, मग मी सांगते तसं लिही. डोळे मिटले की मी हे रोज बघते, मला काही नवं नाही.

पाणी उतरल्यावर ती काठच्या लव्हाळ्यात सापडू दे. उताणी. एका पायात बूट, दुसऱ्यात नाही. केसांत गाळ. अंगात निळा स्वेटर. वरून तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा गडद दाखव, कारण त्याच सकाळी ते तुटलं होतं आणि मला त्या रंगाचं मिळालं नाही. खिशात कारखान्यातलं एक होतं, तेच लावलं. ती उभ्या उभ्या लावून घेत होती आणि माझ्यावरच डाफरत होती, लाँच सुटेल म्हणून. मला गाठ नीट मारू दिली नाही. तरी ते बटण टिकलेलं दाखव. चेहरा तिचाच असू दे. तुझ्या राक्षसांना लागतं तसलं भयंकर काही लिहू नकोस. डोळे मिटलेले.

तिला तिच्या आईनं उचलली, असं लिही. सोबत कोणी नाही. पाण्यानं जड झाली होती, मध्ये मध्ये खाली ठेवावी लागली. घरी आणून केस धुतले. गाळ लवकर निघत नाही, ते लिही. मग वेणी घातली. मग मातीत ठेवली आणि माती सारखी केली. आई रडली की नाही ते लिहायचं नाही. तो तुझा विषय नाही.

उशीर करू नकोस. धुक्याचे दिवस अजून सरले नाहीत.
ताई


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. लिहिलं. तू सांगितलंस त्याच क्रमानं. माझे शब्द घालून बघितले, खोटे वाटले, काढले.

लिहिताना शाळा सुटल्याचं कळलं नाही. पोरं बाहेरून काच वाजवत होती. मागच्या सीटवर बसणाऱ्या एका मुलीनं माझं तोंड बघून विचारलं, काय झालं. सांगितलं, पुस्तकातली एकजण मेली. तिनं दप्तर ठेवता ठेवता विचारलं, प्रेत दाखवलंत का? हो म्हटलं. मग तिनं दप्तर पुन्हा उचललं. जाऊन जागेवर बसली.

पुढची तीनशे पानं बांधून ठेवली आहेत. फाडवली नाहीत. वाचक गेले तर जाऊ देत. हे प्रकरण तेवढं दाजींना दे, आणि ते वाचतील तेव्हा जवळ बस.

तुमच्या दोघांच्या लोभाला मी पात्र नाही, तरी मागतो.
धाकटा


ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. सुट्टीच्या दिवशी, भर उन्हात, खिडकीशी उशी लावून ह्यांना बसवलं आणि तुझी पानं दिली. तू म्हणालास म्हणून जवळ बसले. हातात तांदूळ निवडायला घेतले, नाहीतर माझ्या हातांचं काय करावं ते समजेना.

सावकाश वाचलं. माझ्यासारखं बोट धरून. बटणापाशी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग पानं मांडीवर ठेवून विचारलं, बटण गडद होतं हे धाकट्याला कोणी सांगितलं? मी म्हटलं, मी. पुढचं पण? पुढचं पण.

ह्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं आता ओरडतील, पानं फाडतील. म्हणून मी ताटली खाली ठेवली. तर माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘एवढी जड, एकटीनं उचललीस?’’

धाकट्या, दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी पण कोणाला सांगितलं नव्हतं. आई रडली की नाही ते लिहू नकोस असं तुला म्हटलं होतं, ते अजूनही तसंच ठेव.

मग हे म्हणाले, धाकट्याला लिही, तिथे बाप पाहिजे. पायांकडून त्यानं धरायचं, म्हणजे मध्ये कुठे खाली ठेवावी लागणार नाही. आणि दुसरा बूट त्याला सापडू दे, आणून घालू दे. एवढं तू छपाईच्या आधी बदल. बाकी एक अक्षर हलवायचं नाही.

कंदील लाँचवाल्यांना देऊन टाकला. तिसरं ताट ह्यांनी स्वतः धुऊन फळीवर पालथं घातलं. पुढच्या महिन्यात कुठे काम मिळतं का बघणार आहेत. पूर्वीसारखं होणार नाही, छाती घरघरते. तुझ्या पुस्तकाचं पुढे काय होईल मला माहीत नाही. ती बांधून ठेवलेली पानं फाडू नकोस. माझ्याकडे पाठव, मी कारखान्यात ठेवीन. सरदाराला उतरवलं तेवढं तरी वाचीन म्हणते.

त्या रात्री ह्यांनी उठून दाराला कडी लावली. कोणी न सांगता. मी अंथरुणात पडून आवाज ऐकला. हेच मला पाहिजे होतं, ह्याच्याचसाठी तुझ्या मागे हात धुऊन लागले होते.

उजाडताना जाग आली. बाहेर धुकं होतं. हे गाढ झोपले होते. मी उठले आणि कडी काढली. दार जरासं उघडून उभी राहिले. गार वारा आत आला. मग कडी लावून घेतली.

हे ह्यांना कळता कामा नये. लोभ ठेव, आणि इकडे ये.
ताई