गुडघे न टेकता

प्रिय बायो,

तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून काढून घेतला. तिच्यावर चिडू नकोस.

वर्षापूर्वी लकव्याने बाबांची डावी बाजू गेली. जन्मभर गवंडीकाम केलेला, दुसऱ्याची भिंत वाकडी दिसली तरी पाडायला लावणारा माणूस, आणि मी त्यांना कुशीवर वळवत होतो. पण हट्ट तोच. गुडघे टेकल्याशिवाय केलेली प्रार्थना देवाकडे पोचत नाही, हे डोक्यात पक्कं. माझी पाठ वळली की खाटेवरून उतरायला जायचे आणि धाडकन पडायचे. तुझी वहिनी एकदा म्हणाली, ‘बाबा, देवाला झोपलेल्या माणसाचंही ऐकू येतं हो.’ असं काही बघितलं तिच्याकडे, की बिचारी भांडी घासायला निघून गेली.

गेल्या महिन्यात चर्चचे पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले. बाबांनी तोंड घट्ट मिटलं. गुडघे टेकवत नाहीत, उपास होत नाहीत, आता माझा हक्क काय, म्हणाले. पाळक भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडापाशी धरून म्हणाले, ‘बाबा, हक्काने मिळत असतं तर प्रभू क्रुसावर कशाला गेला असता? ही मजुरी नाही. नुसतं तोंड उघडा.’ बाबांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. घास गिळला आणि रडायला लागले. मला वाटलं, समाधानाने. तर म्हणाले, ‘मग पोरीला मी कशाच्या जोरावर उठवलं रे?’

नवरा सोडून आलीस, त्या रविवारचं म्हणत होते. सगळ्या मंडळीसमोर आधी चूक कबूल कर, मग भाकर, असं म्हणून त्यांनीच तुला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवलं होतं. तुझ्या पाठीवरचे वळ त्यांनी पाहिले होते, बायो. तरीही.

त्या दिवसापासून रोज तुझा विषय. ती आली तर काय बोलू, असं मला विचारायचे. काही बोलू नका, नुसता हात धरा, म्हणायचो मी.

आता लिहितो ते आधी लिहिलं असतं, तर तू पुढचं वाचलं नसतंस. मंगळवारी बाबा गेले. जीभ जड झाली होती, तरी शेवटचं मी पुन्हा विचारून नीट ऐकून घेतलं: ‘तिला सांग, माफी मी मागतोय. तिने मागायची नाही.’ पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. कुणी काही विचारणार नाही. विचारलं तर मी आहे. जशी आहेस तशी ये.

तुझाच, तेव्हा गप्प बसलेला,
दादा