आता तीन

प्रिय क्लिफर्ड,

एकाच गल्लीत राहून पत्र लिहितोय, म्हणजे नॉर्मनचं डोकं फिरलं असं म्हणशील. म्हण. तोंडावर बोलायला आलो असतो तर तू हवापाण्याचा विषय काढला असतास, आणि मीही मुकाट्यानं हवेवर बोलत बसलो असतो.

घशाच्या उपचारांत माझी चव गेली, ती परत आलेलीच नाही. चहा, भाजलेला मासा, रविवारचं मटण, सगळं ओल्या कागदासारखं लागतं. पबांतल्या बिअरला गुण द्यायला आपल्याला पाठवणाऱ्या समितीला हे कळलं असतं तर आभाराचं भाषण करून त्यांनी मला घरी बसवलं असतं. बरोबरच आहे म्हणा. ज्याला बिअर कळत नाही तो पबांना गुण काय देणार, कपाळ! पण माझी बायको मॉरीन गेल्यापासून गुरुवारची आपली पबांची फेरी सोडली तर मी आठवडाभर कुणाशी धड बोलत नाही. ती फेरीही गेली असती तर मी संपलोच असतो. म्हणून गप्प राहिलो.

आपला नियम मीच घालून दिलेला: ग्लास संपेपर्यंत बिअरबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ग्लासखालच्या पुठ्ठ्यावर हाताआड पाचपैकी गुण लिहायचे आणि दोघांनी एकदम दाखवायचे. एकवीस वर्षं तू तो पाळलास. एकदा नुसता शिंकलास तर ‘खुणा करतोस काय रे?’ म्हणून मी डाफरलो होतो. आणि या मार्चपासून पहिला घोट घेतला की तुझं सुरू, ‘वा नॉर्मन, कडवटपणा कसा बेताचा आहे बघ, साडेतीनच्या खाली नाही!’ मी वरवर चिडायचो, ‘गप की लेका!’ आणि आतून देवाचे आभार मानत साडेतीन लिहायचो. मला वाटायचं, म्हातारपणी क्लिफर्ड बडबड्या झाला, माझं नशीब. काय मूर्ख मी!

परवा टेकडीवरच्या त्या पबात तू मालकिणीच्या कुत्र्याचे लाड करत बसलास, आणि इकडे मी अर्धा ग्लास रिचवून सगळ्यांना ऐकू जाईल असं ठोकून दिलं, ‘झकास! चार द्यायलाच हवेत.’ शेजारच्या टेबलावरचे दोघे फिदीफिदी हसायला लागले. मग तू घोट घेतलास. तुझं तोंड मी पाहिलं, क्लिफर्ड. दुसऱ्यानं पाय तुडवला तरी आपणच माफी मागणारा तू, दोन्ही ग्लास उचलून काउंटरवर गेलास. ‘माफ करा हं बाई, ही आंबलीय. नॉर्मन माझी फिरकी घेत होता. त्याच्या जिभेला कोण फसवणार!’ त्या बिचारीनं दुसऱ्या पिंपातली भरून दिली. ते दोघे गप्प झाले. तू घोट घेतलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, ‘आता तीन.’

म्हणजे मार्चपासून तुला माहीत होतं. माझी लाज राहावी म्हणून तू नियम मोडलास, वर माझ्या शिव्या खाल्ल्यास. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडलो, तेही तू पाहिलं नाहीस असं दाखवलंस. तुझे उपकार मोठे आहेत रे, मी विसरणार नाही. आज सकाळी समितीला कळवून टाकलं: मार्चपासूनचे माझे गुण खोडा, क्लिफर्डचे तेवढे ठेवा आणि माझं नाव काढा. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आणि एक विचारायचंय, जे तोंडावर विचारवलं नसतं. गुरुवारी गुण द्यायला तू जाशीलच. मी नुसता सोबतीला आलो तर चालेल?

तुझाच,
नॉर्मन