गाडीमागचं हलकं घर

४ फेब्रुवारी, रविवार

गाडीमागे ओढायच्या घराच्या प्लायवुडच्या भिंती उतरवल्या! केयूर म्हणाला, मावशी, एवढं धूड तुमची छोटी गाडी कसाऱ्याच्या घाटात ओढणारच नाही. चेकनाक्याजवळचं गॅरेज त्याचं, चाकांचा सांगाडाही त्यानेच मिळवून दिला, ऐकावं लागतं. मग भिंती करू कशाच्या? आयुष्यभर सोफ्यांना कापड चढवलं. घराला कधी चढवलं नाही.

७ फेब्रुवारी

लेकीने, मनालीने, पुण्याहून व्हिडिओ पाठवले. एकात बारीक लाकडाची चौकट, मध्ये थर्माकोल. दुसऱ्यात थर्माकोललाच जुनी चादर गोंदाने चिकटवून वर रंग. तिसरा म्हणतो, हे दोन्ही चूक. डोकं फिरलं. शेवटी चादरीवाला एक तुकडा करून पाहिला. वाळल्यावर गुडघा टेकवून दाबला — मोडला नाही!

कुंडलिकला दाखवला. (समोर ‘अहो’, इथे नाव.) बरा आहे म्हणाला, बस. रात्रपाळीची नोकरी संपून वर्ष झालं, तरी झोपतो बाहेरच्याच खोलीत. सवय म्हणे. गाडीमागे घर ओढत अजिंठ्याला जायचं मात्र त्यानेच काढलं होतं. काय समजायचं?

११ फेब्रुवारी, रविवार

भिंती झाल्या, छप्पर झालं. कोपऱ्यांना चादर सोफ्यासारखीच दुमडली. छप्पर केयूरने आणि मी अलगद उचललं. पण आत दोन बाक, गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी ठेवली आणि गाडी मागून पुन्हा खाली बसली. वाट लागली. काढू काय? शेगडी काढली तर खायचं काय?

कुंडलिक चहाचा ग्लास घेऊन बघत उभा होता. एकदम म्हणाला, “दोन बिछाने कशाला? एकच कर.”

आणि ग्लास परत द्यायला टपरीवर निघून गेला.

१२ फेब्रुवारी

एकच. म्हणजे तो येत नाही. सरळ सांगायचं तरी. मनाली म्हणते, आई, विचार ना बाबांना. विचारणार होते. तो पेपर वाचत होता. मी भाजी निवडत बसले.

१५ फेब्रुवारी

नाही विचारलं. नको म्हणाला तर ते ऐकायचं. येतो म्हणाला तर माझं मन राखायला म्हणाला, असं वाटत राहायचं. गाडी मला चालवता येते. जाईन एकटी.

एक बाक काढला. दुसरा माझ्या अंगापुरता अरुंद केला, उरलेल्या जागेत टाकी सरकवली. गाडी सरळ उभी राहिली. झकास, मावशी, केयूर म्हणाला. मला आनंद झाला की नाही, तेच कळेना.

१८ फेब्रुवारी, रविवार

कुंडलिक गॅरेजात आला. आत वाकून बघितलं. मग म्हणाला, “एवढाच? अगं, मी दोघांत एक म्हटलं होतं.”

टाकी काढली. पाणी वाटेत मिळेल कुठेही.