अळंबीवरची माती

ता. ९ नोव्हेंबर १९३६, बेळगाव

म्हैस बाहेर, लीद आत! गोठ्यात आता घोड्याची लीद नांदणार आणि माझी म्हैस अंगणात कुडकुडणार. का? तर गोऱ्यांच्या क्यांपातल्या मड्डमला अळंबी खायची आहेत. आमचे धनी तिच्या बंगल्यावर माळी. दसऱ्यापासून परसात लीद आणि काड कुजत घातलं होतं, आज ते खोक्यांत भरलं. त्यात विलायतेचं बी खोचलं. विटेसारखं असतं, फोडून तुकडे करायचे. म्हणाले, "ह्येच्यावर मला मुकादमकी मिळती का न्हाय बघ!"

उकिरड्यावरच्या छत्र्या. त्यांच्यावर मुकादमकी!

खोकी उचलायला मालू होती, माझी सवत. मला मूल नाही म्हणून दोन वर्षांमागं नंदगडहून पाट लावून आणलेली. हात लोखंडाचे, तोंड दगडाचं. भाकरी करते ती कौलासारखी.

ता. १ डिसेंबर

लिदीत पांढरे धागे पसरलेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे. आता वर मातीचा थर द्यायचा. मड्डम स्वतः आली, नाकाला रुमाल लावून. तिचा बटलर मराठीत सांगत होता — माती किडामुंगीबिगर पाहिजे, जुना चुना घाला, दोन बोटं जाड पसरा, दाबू नका. हे माना डोलावत होते. नंदीबैल परवडला!

ती वळली आणि यांनी बागेतली तांबडी माती कालवून चिखल थापला. वर पायानं तुडवला. मी म्हटलं, दाबायची न्हाय म्हणाली की ती. "माती म्हंजे माती! मला शिकवू नगंस."

अर्धी खोकी झाली, मग कंटाळा आला. बिडी ओढायला गेले.

ता. ११ डिसेंबर

गोठ्यात आंबट घाण. थापलेल्या खोक्यांवर हिरवी बुरशी, आत अळ्या. धागे मेले सगळे.

दोष कुणाचा? माझा! "वांझेची नजर लागली," असं अंगणात उभं राहून ओरडले. शेजारची जयाबाई कुंपणापाशी थबकली. मी म्हशीला पाणी दाखवत होते. दाखवत राहिले.

ता. १२ डिसेंबर

हुकूम सुटला. उरलेल्या खोक्यांना माझा हात लागायचा नाही. माती मालू घालणार. तिचा हात म्हणे शुभ!

ता. १३ डिसेंबर

बघवेना. मालू मुठीमुठीनं ओली ढेकळं टाकत होती, म्हशीपुढं पेंड टाकावी तशी. हे कामावर गेलेले. मी दारातच उभी राहिले. हात नाही लावायचा ना? तोंड लावते!

माझं माहेर निपाणीकडचं, तंबाखूवालं. रोपांचा तरवा टाकायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा पेटवतात, माती भाजून निघते, किडं मरतं. तेच करायला लावलं. माती पत्र्यावर भाजली, निवू दिली. पडक्या भिंतीचा जुना चुना कुटून त्यात चाळला. थोडं थोडं पाणी. मुठीत धरली की गोळा व्हावा, बोट लावलं की फुटावा. "अगं दाबू नगंस! तान्ह्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतात तसं घाल."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण मालूचे हात एकाएकी हलके झाले. कुठून आलं तिला, कोण जाणे.

मग म्हणते, "आक्का, समदं पांढरं झाकलं की. गुदमरंल."

"झाकल्याबिगर वर येत न्हाय ते. शिपड पाणी. ओतू नगं!"

मूर्ख आहे. पण सांगितलेलं ऐकते. घरातल्या दुसऱ्यापेक्षा बरी.

ता. ४ जानेवारी १९३७

मातीतून मोहरीएवढे पांढरे दाणे डोकावलेत! मालू मला हाताला धरून ओढत घेऊन गेली. मी हात सोडवून घेतला.

ता. १४ जानेवारी

संक्रांत. टोपलीभर अळंबी क्यांपात गेली. हे फेटा बांधून आले — मुकादम! मड्डमला यांनी सांगितलं, "माती माझ्या अकलेची." ती भोळी खूश झाली. बंगल्याच्या आवारात खोली मिळाली.

"मालूला न्हेतो. तू हितं म्हस बघ."

बघते की. म्हैस निदान दूध देते.

ता. १६ जानेवारी

गेली दोघं, मागनं भरलेली, धागे धरलेली खोकी गाडीत घालून. मालू पाया पडायला वाकली, मी पाय मागं घेतले. गाडी वळेपर्यंत ती मान वळवून बघत होती. खुशाल बघ!

ता. ३० जानेवारी

भरदुपारी मालू दारात. एकटी. क्यांपातनं चालत, काखेत बोचकं, गालावर बोटं उमटलेली.

"काय इसरलीस?" मी विचारलं.

"तिकडं बी चिखलच थापला त्येनी. समदं कुजलं. मला म्हनला, तू बी वांझच निघालीस." आणि सरळ गोठ्यात जाऊन चाळण घेऊन बसली.

मी हाकलणार होते. भाकरी वाढली.

ता. ३१ जानेवारी

आज चुलीपुढं मालू बोलली. एका दमात. पहिल्या नवऱ्यापासून तिला मुलगा आहे. चार वर्षांचा. नंदगडला तिच्या आईपाशी असतो. पाट लावताना घरच्यांनी लपवला. धन्याला अजून ठाऊक नाही.

"आक्का, खोट त्येच्यात हाय. तुमच्यात न्हाय."

भाकरी तव्यावर करपली. दोघींनीही उतरवली नाही.

उद्या सकाळच्या मोटारीनं नंदगडला जातो आहोत. पोराला आणायला.